ग्रीसचा बागुलबुवा आणि काटकसरीचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या कर्जाचा विषय निघाला की चार-दोन वाक्यांतच ग्रीसचे नाव येते, हे आता नेमाचेच झाले आहे. अर्थसंकल्पाच्या सुमारास वृत्तपत्रांतील लेखांत, वाहिन्यांवरील चर्चांत आणि इथे नाशिकमध्ये उद्योजकांच्या बैठकांतही ‘असेच चालले तर महाराष्ट्राचा ग्रीस व्हायला वेळ लागणार नाही’ असे कोणीतरी हमखास बजावते, आणि माना डोलावल्या जातात. आपल्या दैनिकातही ही तुलना अधूनमधून वाचायला मिळते. राज्य सरकारच्या उधळपट्टीची पाठराखण करण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. ती करावी अशी परिस्थितीही नाही. मात्र ज्या देशाच्या नावाने आपण एकमेकांना धाक घालतो, तिथे २००९ नंतर नेमके काय घडले हे नीट पाहिले, तर तो दाखला दाखला देणाऱ्यावरच उलटतो. उत्पन्न आधीच घसरत असताना केलेल्या सरसकट खर्चकपातीने कर्जाचा बोजा हलका होत नाही, तो वाढतो, हे ग्रीसने दाखवले. आपल्या चर्चेत नेमके एवढेच गाळले जाते.

ग्रीसच्या चुका आधी मान्य करू. ऑक्टोबर २००९ मध्ये पापान्द्रेऊ यांचे सरकार सत्तेवर आले, तेव्हा आधीच्या सरकारने कळवलेले तुटीचे आकडे खोटे असल्याचे उघड झाले. तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १२ टक्क्यांच्या पुढे असल्याचे नव्या सरकारने जाहीर केले आणि तपासणीअंती ती १५ टक्क्यांच्याही वर निघाली. युरोच्या नियमानुसार मर्यादा होती ३ टक्क्यांची. करचुकवेगिरी सर्रास होती, सरकारी नोकरभरती पक्षाच्या मर्जीने होत होती, आणि युरो आल्यावर जर्मनीच्या बरोबरीच्या व्याजदराने मिळू लागलेले कर्ज कारखान्यांपेक्षा उपभोगाकडे अधिक गेले. यातले काहीही नाकारण्याचे कारण नाही. एवढी एकच गोष्ट खरी असती, तर उधळ्या देशाला शिस्त लावली गेली असे म्हणून आपल्याला हे प्रकरण मिटवता आले असते.

पण त्याच काळात त्याच संकटात सापडलेल्या आयर्लंडचे काय करायचे? २००७ मध्ये आयर्लंडचे सरकारी कर्ज उत्पादनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास होते. स्पेनचे ३६ टक्क्यांच्या आसपास होते आणि त्या वर्षी स्पेनच्या सरकारी तिजोरीत तूट नव्हती, शिल्लक होती. युरोचा पाया घालणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराने घालून दिलेली कर्जाची मर्यादा ६० टक्क्यांची, आणि ती ओलांडून बसला होता खुद्द जर्मनी. म्हणजे नियमाच्या फूटपट्टीने मोजले असते तर २००७ मध्ये गुणी विद्यार्थी ठरले असते ते डब्लिन आणि माद्रिद. दोन्हीकडे कर्ज काढले होते ते खासगी बँकांनी आणि बांधकाम व्यावसायिकांनी, आणि त्यांना ते पुरवले होते बाहेरच्या बँकांनी. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस आयर्लंडच्या सरकारने आपल्या मोठ्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली. २०१० मध्ये त्या सरकारची तूट उत्पादनाच्या सुमारे ३२ टक्क्यांवर गेली, कारण बँकांचे खड्डे करदात्यांच्या पैशांतून बुजवले गेले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८५ अब्ज युरोंची मदत-योजना स्वीकारण्याची वेळ त्या देशावर आली. इतके असूनही या सगळ्याचे बारसे ‘सरकारी कर्जाचे संकट’ असे केले गेले, आणि औषध सगळ्यांना एकच दिले गेले: पगार, निवृत्तिवेतन, शाळा-रुग्णालयांवरील खर्च यांत कपात आणि करांत वाढ.

स्पेनपेक्षा अधिक कर्ज असलेले देश तेव्हाही जगात होते, ब्रिटनसारखे देश प्रचंड तुटीतही होते, तरी त्यांच्या रोख्यांकडे कोणी पाठ फिरवली नाही. फरक होता तो चलनाचा. नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. १९२८ पासून आपल्या गावात नोटांचा छापखाना आहे. नोटा किती छापायच्या हे अर्थातच प्रेस ठरवत नाही, रिझर्व्ह बँक आणि सरकार ठरवते, आणि मनाला येईल तशा छापल्या तर महागाई भडकते हेही खरे. तरीही भारत सरकारने रुपयांत काढलेले कर्ज रुपयांत फेडता येणार नाही, अशी शंका कोणा धनकोच्या मनात येत नाही. अथेन्समध्येही ग्रीसच्या मध्यवर्ती बँकेचा छापखाना आहे आणि तिथे युरोच्या नोटा छापल्याही जातात, पण किती छापायच्या याचा निर्णय फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या हातात आहे. छापखाना घरचा, पण चलन घरचे नाही, अशी ही अवस्था.

आपले १९९१ साल या दृष्टीने आठवून पाहावे. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, सोने इंग्लंडला गहाण पाठवावे लागले होते, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य कराव्या लागल्या होत्या, आणि त्या अटींत खर्चकपातही होतीच. पण १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन करण्याचा मार्ग आपल्याकडे मोकळा होता. त्याने आयात महागली, सामान्य माणसाला झळ बसली, तरी निर्यातीला वाट मिळाली. युरोचा भाव चार रुपयांनी वर-खाली झाला तर कंटेनरमागे हाती काय पडते, हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदाराला तोंडपाठ असते. ग्रीसला हा मार्गच नव्हता. चलन स्वस्त करता येत नसेल तर माणसे स्वस्त करावी लागतात, म्हणजे मजुरी खाली आणावी लागते. अर्थतज्ज्ञ त्याला ‘अंतर्गत अवमूल्यन’ असे सभ्य नाव देतात. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रीसचे मासिक किमान वेतन कायद्याने ७५१ युरोंवरून ५८६ युरोंवर आणले गेले आणि पंचविशीच्या आतल्या कामगारांसाठी त्याहूनही खाली. आता मजुरी कमी झाली तरी घराच्या कर्जाचा हप्ता कमी होत नाही आणि सरकारचे कर्जही युरोंत जेवढे होते तेवढेच राहते. फेडणाऱ्याची कमाई मात्र एका कायद्याने पाचव्या हिश्श्याहून अधिक घटलेली असते.

चलन एक आणि तिजोऱ्या अनेक, हा युरोचा मूळ दोष आहे. तो समजण्यासाठी आपल्याच देशाकडे पाहणे पुरे. महाराष्ट्र आणि बिहार एकच रुपया वापरतात आणि दोघांच्या अर्थव्यवस्थांत जर्मनी आणि ग्रीस यांच्यात असेल त्यापेक्षा मोठी दरी आहे. तरी बिहार बुडत नाही, याचे एक कारण राज्यघटनेच्या कलम २८० खाली नेमल्या जाणाऱ्या वित्त आयोगात आहे. पंधराव्या आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांच्या वाट्यापैकी बिहारला १०.०५८ टक्के दिले आणि महाराष्ट्राला ६.३१७ टक्के. केंद्राच्या तिजोरीत सर्वाधिक भर घालणाऱ्या राज्याला हा वाटा अपुरा वाटतो, आणि ‘आमचा पैसा तिकडे का’ हा प्रश्न आपल्याकडे सर्वच पक्षांचे लोक कधी ना कधी विचारतात. जर्मनीच्या बव्हेरियातला करदाता २०१० मध्ये हेच विचारत होता. फरक एवढाच की आपल्याकडे हे हस्तांतरण घटनेने बांधून दिलेले आहे आणि ते दरसाल विनाअट घडते. युरोपात मात्र संपूर्ण संघाचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास, आणि एका देशाचे कर्ज दुसऱ्याने आपल्या अंगावर घेऊ नये असे करारातच लिहिलेले. शिवाय बिहारचा तरुण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येऊन काम धरतो; ग्रीसच्या तरुणाला स्टुटगार्टला जाण्याची मुभा होती, पण भाषेपासून सगळे नव्याने शिकून. तरीही लाखो गेले, आणि त्यात डॉक्टर व अभियंते होते, ज्यांच्या शिक्षणावर ग्रीसने खर्च केला होता.

मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंचे पहिले मदतकर्ज मंजूर झाले. त्यातले ८० अब्ज युरोगटातील देशांचे आणि ३० अब्ज नाणेनिधीचे. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या त्रिकुटाचे अधिकारी अथेन्सला येऊन खात्याखात्यांतली बिले तपासू लागले. हा पैसा ग्रीक जनतेवर उधळला गेला, अशी समजूत जर्मनीतील खपाऊ वृत्तपत्रांनी पसरवली आणि ती आपल्यापर्यंतही पोचली. वस्तुतः त्यातला फार मोठा भाग जुन्या रोख्यांची मुद्दल व व्याज चुकवण्यातच गेला, आणि ते रोखे ज्यांच्याकडे होते त्यांत फ्रान्स व जर्मनीच्या बँका ठळक होत्या. मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आहे. आमच्या भाषेत याला कर्जाचे नवे-जुने करणे म्हणतात. खात्यावर व्यवहार झालेला दिसतो, ऋणकोच्या हाती दमडी पडत नाही आणि थकबाकी पुढच्या पानावर जाते. २०१२ च्या मार्चमध्ये खासगी धनकोंच्या रोख्यांच्या दर्शनी किमतीला ५३.५ टक्क्यांची कात्री लागली खरी, परंतु तोवरच्या दोन वर्षांत अनेक परदेशी बँकांनी आपला पैसा मोकळा करून घेतला होता आणि ते ओझे सरकारांच्या, म्हणजे करदात्यांच्या माथी आले होते. या दिरंगाईमुळे खासगी धनकोंना निसटण्याची सवड मिळाली, हे नाणेनिधीने जून २०१३ मधील आपल्याच मूल्यमापन अहवालात मान्य केले आहे.

कपातीने साधले काय, याचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. २००९ च्या अखेरीस ग्रीसचे सरकारी कर्ज सुमारे ३०० अब्ज युरो होते आणि देशाचे वार्षिक उत्पादन सुमारे २३८ अब्ज. म्हणजे कर्जाचे प्रमाण १२७ टक्क्यांच्या आसपास. चार वर्षे काटकसर झाली. मूल्यवर्धित कर १९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेला, निवृत्तिवेतने पुन्हा पुन्हा कापली गेली, जून २०१३ मध्ये तर सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी एका रात्रीत बंद करण्यात आली. मध्यंतरी कर्जाला १०० अब्जांहून मोठी कात्री लागली. इतके करून २०१३ च्या अखेरीस कर्ज उरले सुमारे ३२० अब्ज, आणि उत्पादन घसरून आले १८० अब्जांवर. प्रमाण झाले १७८ टक्के. अंश जागच्या जागी राहिला आणि छेद खाली गेला. खर्च कापला की कोणाचे तरी उत्पन्न कापले जाते, ते उत्पन्न कापले की त्यावरचा कर बुडतो, कर बुडाला की पुन्हा तूट दिसते आणि मग पुढच्या हप्त्यासाठी नवी कपात मागितली जाते, असे हे रहाट आहे. बेरोजगारी २७ टक्क्यांवर पोचली, आणि काम मागणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक रिकामे होते. थकबाकीदार द्राक्ष बागायतदाराचा ट्रॅक्टर ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर ओढून न्यावा, फवारणीवाचून बागेवर डाऊनी हा बुरशीरोग येऊ द्यावा, आणि मग माल नाही म्हणून हप्ता नाही याबद्दल त्यालाच बोल लावावा, अशातला हा प्रकार होता. अशा वसुलीने खाते सुटत नाही, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही वसुली अधिकाऱ्याला खासगीत विचारले तर तो सांगेल.

या धोरणामागे विद्वत्तेचे पाठबळ नव्हते असे मात्र नाही, आणि वादाचा हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांची वाढ सरासरीने उणे ०.१ टक्के दिसते, असा त्यातला आकडा होता. ९० टक्के ही जणू कड्याची धार आहे आणि तिच्या पलीकडे पाऊल टाकले की कडेलोट, असा त्याचा अर्थ ब्रसेल्सपासून वॉशिंग्टनपर्यंतच्या राजकारण्यांनी लावला. एप्रिल २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्नडन हा विद्यार्थी आणि त्याचे दोन प्राध्यापक यांनी ती मूळ एक्सेलची फाइल तपासली, तेव्हा सरासरी काढताना ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क या पाच देशांच्या ओळी धरायच्याच राहून गेल्याचे आढळले. याखेरीज काही वर्षे वगळली गेली होती आणि देशांना भार देण्याची पद्धतही वादग्रस्त होती. सगळे दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले. जास्त कर्ज आणि मंद वाढ एकत्र आढळतात हा आपला मुद्दा कायम असल्याचे मूळ लेखकांनी सांगितले, आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही आहेत. पण कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्याने कर्ज साचते, हा खरा प्रश्न होता. आणि कड्याची धार तर उरलीच नाही.

दुसरी कबुली अधिक महत्त्वाची, कारण ती धनकोच्या घरातून आली. नाणेनिधीचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार आणि त्यांचे सहकारी डॅनिएल ली यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये दाखवून दिले की एक युरो खर्च कापल्यास उत्पादन सुमारे अर्ध्या युरोने घटेल, या समजुतीवर आधीचे अंदाज बांधले गेले होते. प्रत्यक्षात ही घट ०.९ ते १.७ युरोंपर्यंत असल्याचे दिसत होते. औषधाची मात्रा ठरवताना केलेला हा दुप्पट-तिपटीचा घोळ आहे. त्यानंतर धोरण काहीसे सैल झाले, पण आधीच्या अंदाजांवर ज्यांची निवृत्तिवेतने कापली गेली त्यांना भरपाई कोणी दिली नाही.

जर्मन बाजू आपल्याकडे एकतर देवत्व देऊन किंवा खलनायक ठरवून मांडली जाते, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो. २००३ नंतर श्रोडर सरकारने जर्मन कामगारांचे बेकारभत्ते आणि नोकरीची हमी यांना कात्री लावली होती. ती सोसलेल्या माणसाला इतरांच्या कर्जाची हमी देताना राग आला तर तो समजू शकतो. स्लोव्हाकियाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ग्रीसपेक्षा गरीब असलेल्या त्या देशाच्या संसदेने ऑगस्ट २०१० मध्ये पहिल्या मदतकर्जात वाटा उचलण्यास चक्क नकार दिला, आणि पुढच्या वर्षी युरोपच्या मदतनिधीवरील मतदानातच तिथले सरकार पडले. या भावना खोट्या नव्हत्या. मात्र नियमाच्या पावित्र्याविषयी बोलताना हेही आठवावे की २००३ मध्ये ३ टक्क्यांची मर्यादा जर्मनी आणि फ्रान्स यांनी मोडली, तेव्हा त्यांच्यावरील कारवाई अर्थमंत्र्यांच्या परिषदेने त्या नोव्हेंबरात गुंडाळून ठेवली होती. आणि १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचे जुने कर्ज सुमारे निम्म्याने माफ झाले, तेव्हा माफ करणाऱ्या धनकोंच्या यादीत ग्रीसचेही नाव होते.

काटकसरीमुळेच बाजाराचा विश्वास परतला, असे सांगणाऱ्यांनी २६ जुलै २०१२ या तारखेचा खुलासा करावा. त्या आठवड्यात स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरील व्याज ७ टक्क्यांच्या वर होते, आणि स्पेनमध्ये दोन वर्षे कपात सुरू होती. त्या दिवशी लंडनमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी सांगितले की आपल्या अधिकारकक्षेत युरो वाचवण्यासाठी जे लागेल ते ही बँक करील. सप्टेंबरमध्ये अडचणीतील देशांचे रोखे खरेदी करण्याची योजना जाहीर झाली. त्या योजनेखाली एकही रोखा विकत घ्यावा लागला नाही, तरी व्याजदर झपाट्याने उतरले. जी मध्यवर्ती बँक २०११ मध्ये, संकट भरात असताना, व्याजदर दोनदा वाढवून बसली होती, तिने नुसते पाठीशी उभे राहण्याचे वचन देताच आग विझली. हे वचन २०१० मध्ये दिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर फ्रँकफुर्टने आजवर दिलेले नाही.

ग्रीसचे २०१५ चे सार्वमत मी त्रोटकच सांगतो, कारण त्यावर त्या वेळी मराठीतही बरेच लिहिले गेले. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरोंची मर्यादा, अशा अवस्थेत ५ जुलैला ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या आणि आठवडाभरातच पंतप्रधान सिप्रास यांच्या सरकारला बहुतांशी तशाच, काही बाबतींत अधिक कडक अटी मान्य करून ८६ अब्जांच्या तिसऱ्या मदतकर्जाची वाट धरावी लागली. चलन ज्याच्या हातात, शेवटचा शब्द त्याचा, एवढे त्यातून दिसले. सिप्रास यांनी जनतेला आधीच खरे सांगायला हवे होते, असे माझे मत आहे.

यावर असा आक्षेप येईल की ग्रीस शेवटी सावरला ना! ऑगस्ट २०१८ मध्ये तो मदतकर्जाच्या कार्यक्रमातून बाहेर पडला, २०२२ मध्ये नाणेनिधीचे देणे मुदतीआधी फेडले, २०२३ मध्ये त्याच्या रोख्यांना पुन्हा गुंतवणुकीयोग्य दर्जा मिळाला आणि कर्जाचे प्रमाणही आता उतरते आहे. हे खरे आहे. पण ते प्रमाण वेगाने उतरले ते २०२१ नंतर, जेव्हा उत्पादन वाढले आणि महागाईने छेद फुगला; त्याच काळात युरोपीय संघाने सामायिक कर्ज काढून उभारलेल्या निधीतून अनुदानेही मिळू लागली. शिवाय धनकोंनी ग्रीसच्या कर्जाच्या मुदती कित्येक दशके लांबवल्या आणि व्याज नाममात्र ठेवले, हे विसरून चालणार नाही. तरीही महागाई वजा जाता २०२४ अखेर त्या देशाचे उत्पादन २००८ च्या पातळीच्या खालीच होते. पोर्तुगालने २०१५ नंतर कापलेली वेतने व निवृत्तिवेतने टप्प्याटप्प्याने परत देत देत २०१९ मध्ये अंदाजपत्रकात शिल्लक दाखवली, हा दाखला काटकसरवादी सहसा देत नाहीत. आणि करोनाकाळात तर युरोपने २०२० मध्ये तुटीचे नियमच स्थगित ठेवले आणि पूर्वी अशक्य म्हटले गेलेले ७५० अब्ज युरोंचे सामायिक कर्ज मान्य केले. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने आपल्या राज्यघटनेतील कर्जमर्यादेलाही संरक्षण खर्च आणि ५०० अब्जांच्या पायाभूत सुविधा निधीसाठी वाट करून दिली. अथेन्सला जे निषिद्ध होते ते बर्लिनला आवश्यक वाटू लागले.

आता महाराष्ट्राकडे येतो. मार्च २०२५ मधील अर्थसंकल्पानुसार राज्याचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाण्याचा अंदाज होता. आकडा छाती दडपवणारा आहे, पण राज्याच्या एकूण उत्पादनाशी ताडून पाहता तो एक पंचमांशाहूनही कमी भरतो. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट मात्र ४५ हजार कोटींच्या वर होती, आणि मला चिंता वाटते ती तिची. रोजचा खर्च कर्जातून भागवायचा आणि कर्जाची रक्कम दाखवून आपसांत घाबरवायचे, हा आपला खेळ झाला आहे. ग्रीसप्रमाणेच महाराष्ट्राला स्वतःचे चलन नाही, आणि केंद्राची देणी असेपर्यंत कलम २९३ खाली केंद्राच्या संमतीविना कर्जही काढता येत नाही, हे साम्य खरे. पण आपल्यामागे रिझर्व्ह बँक आहे, वित्त आयोग आहे, केंद्राचे अनुदान आहे. त्यामुळे मुंबईत उद्या त्रिकूट येऊन बसेल ही भीती अनाठायी आहे. खरी भीती वेगळी आहे. निवडणुकीआधी जाहीर झालेल्या योजना राजकीय कारणाने कापता येत नाहीत, पगार आणि व्याज टळत नाही, म्हणून कात्री चालते ती ज्याचा आवाज होत नाही त्या खर्चावर: कंत्राटदारांच्या बिलांवर, आश्रमशाळांच्या दुरुस्तीवर, रिक्त जागांवर, ग्रामीण रस्त्यांवर. सुरगाणा-पेठच्या आरोग्य केंद्रात मंजूर पद भरले जात नाही, तेव्हा ‘काटकसर’ असा शब्द कोणी उच्चारत नाही. पण ती काटकसरच असते, आणि तिची झळ ज्याने कर्ज काढले नाही त्यालाच बसते. सिंहस्थासाठी नाशिकमध्ये होणारा खर्चही याच दृष्टीने तपासावा. जो पूल, जी मलनिस्सारण वाहिनी पर्वणीनंतर वीस वर्षे उपयोगी पडणार आहे तिच्यासाठी कर्ज काढण्यात गैर काही नाही. जे मांडव उठल्यावर उरणार नाही ते मात्र कर्जातून होऊ नये.

आपल्याला एक विनंती आहे. येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी आपले दैनिक कर्जाचा एकूण आकडा ठळक टाइपात छापेलच. त्याच्या शेजारी राज्याच्या उत्पादनाशी त्याचे प्रमाण, त्यातून भांडवली कामांवर गेलेली रक्कम, त्या वर्षीचे व्याज आणि शासनाकडे थकलेल्या बिलांची खातेनिहाय बेरीज हेही छापावे. थकलेल्या बिलांचा आकडा सहजी मिळणार नाही. सार्वजनिक बांधकाम आणि जलजीवनच्या कामांपासून सुरुवात केल्यास निदान नाशिक विभागापुरता तो काढता येईल असे वाटते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
नाशिकरोड